सही मागायला आलेला भाऊ

पत्र थोडक्यात असं आहे :

‘ताई, मी कुडाळ तालुक्यातला. नोकरी सांभाळून एका लघुपटाची पटकथा लिहिली आहे, २४ पानांची. दोन भाऊ, सामायिक घर, मागे परडं आणि थोडी बाग. थोरला गावात, धाकटा मुंबईला. चतुर्थीला धाकटा येतो, आपला वाटा मागतो, थोरला सही द्यायला नकार देतो. मुंबईतल्या एका दिग्दर्शकाला वाचायला दिली. तो म्हणाला, गोष्ट बरी आहे, पण पात्रं लक्षात राहत नाहीत आणि सगळे एकसारखे बोलतात. मला हे पटत नाही. संवाद अस्सल मालवणी आहेत, माझ्या आजीने ओळ न् ओळ तपासली आहे. नेमकं कुठे अडतंय? आणि शेवटी मी थोरल्याचा मृत्यू दाखवलाय, तो ठेवू की काढू? पटकथा सोबत जोडली आहे, पाचवा प्रसंग जरूर बघा.’
— एक वाचक, कुडाळ तालुका

आजीला आधी माझा नमस्कार सांगा. काम चोख झालं आहे. क्रियापदं जागच्या जागी आहेत, ‘खंय’ आणि ‘थंय’ची गल्लत नाही, दर वाक्याला ‘मेल्या’ नाही. पडद्यावरच्या मालवणीत एवढं सुख क्वचित मिळतं. तरीही मी त्या दिग्दर्शकाच्या बाजूची आहे. आजीने भाषा तपासली, माणसं तपासायची राहून गेली. थोरला, धाकटा, वहिनी, बहीण आणि मोजणीदार हे पाचही जण एकाच तोंडाने बोलतात, आणि ते तोंड तुमचं आहे.

तुमचा पाचवा प्रसंग इतर वाचकांसाठी इथे देते. चतुर्थीचा आदला दिवस, ओसरी, धाकट्याने नुकती बॅग टेकवली आहे.

धाकटो : दादा, माका माझो वाटो होयो. मुंबैत भाड्याच्या खोलीत माझा आयुष्य गेला.
थोरलो : ही जमीन वाडवडलांची आसा. मी जीव दिन, पण सही करूचंय नाय.
धाकटो : बापूस जावन धा वर्सा झाली. धा वर्सा मी गप रवलंय.
थोरलो : तू मुंबैक गेलस. मी हंय रवान ह्या घर सांभाळलंय.

चार ओळी आणि चार निवेदनं. बाप जाऊन दहा वर्षं झाली हे थोरल्याला ठाऊक नाही का? धाकटा भाड्याने राहतो हे त्याला आजच कळलं का? ही माहिती प्रेक्षकासाठी आहे आणि ती भावाच्या तोंडून वदवून घेतली आहे. दुसरी गोष्ट अशी की पहिल्या मिनिटात दोघांनी आपापले पत्ते उघडे टाकले. आता उरलेली १९ पानं हे काय बोलणार? तुमच्या पटकथेत तेच झालंय. नवव्या, बाराव्या आणि सोळाव्या पानावर हेच भांडण आवाज चढवून पुन्हा येतं.

आता मला सांगा, आपल्याकडे कोणी असा थेट मुद्द्यावर येतो का? पैसे मागायला आलेला माणूस आधी मोहोर कसा धरलाय ते विचारतो. मग वाडीत कोण आजारी आहे, कोणाच्या मुलीचं कुठे ठरतंय, ग्रामपंचायतीत काय शिजतंय. चहा होतो, पान होतं. माणूस उठतो, चपला पायात सरकवतो, आणि पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणतो, ‘हां, ता एक सांगूचा रवला.’ ज्यासाठी आला ते हे एक. तास दीड तासाच्या गजालीत त्याने समोरच्याचा खिसा, मूड आणि घरातलं वारं तपासून घेतलेलं असतं. हे बोलणं तुम्ही लहानपणापासून ऐकलं आहे, कदाचित केलंही आहे. लिहायला बसल्यावर मात्र मालिकेतली माणसं तुमच्या ओसरीवर येऊन बसली. मालिकेला रोजचा अर्धा तास भरायचा असतो, तिथे माणसं मनातलं मोठ्याने बोलून दाखवतात आणि ते खपून जातं. तुमच्याकडे वीस-पंचवीस मिनिटं आहेत.

हाच प्रसंग मी एकदा लिहून बघते. तुमचीच माणसं, तुमचीच ओसरी. बदल एवढाच की मी त्यांच्या हाताला काम दिलं आहे. गणपतीच्या वरची माटवी, म्हणजे फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, बांधायची आहे. थोरला स्टुलावर चढलाय, धाकटा खालून एकेक फळ वर देतोय. संमतीपत्र धाकट्याच्या शर्टाच्या खिशात आहे. ते त्याने खिशात घातलं हे आधीच्या प्रसंगात आपण पाहिलं आहे.

धाकटो : यंदा नारळ कमी दिसतत.
थोरलो : माकडा ठेवतत तेवढे.
धाकटो : आणि गडग्यापलीकडचे माड?
थोरलो : खयचो गडगो?
धाकटो : वयलो. आपलो.
थोरलो : ता कवंडळ दी. ह्या नको, दुसरा.
धाकटो : थंयसून आता रस्तो जातलो म्हणतत.
थोरलो : रस्तो वीस वर्सा येता आसा. स्टूल धर नीट.
धाकटो : धरलंय.
थोरलो : दोनय हातांनी.

शेवटच्या ओळीला धाकट्याचा एक हात खिशावर आहे. कॅमेऱ्याने तो दाखवावा, कोणी त्याच्याबद्दल बोलू नये.

जमीन, वाटा, सही, वडील, मुंबई यांतला एकही शब्द इथे आलेला नाही. तरी धाकटा कशाला आलाय ते कळतं. थोरल्याला ते कळलंय हे कळतं. आणि थोरला या क्षणी धाकट्याच्या हातावर उभा आहे, हेही दिसतं. ‘खयचो गडगो?’ हा प्रश्न नाही, गडगा, म्हणजे हद्दीचं दगडी कुंपण, कुठे आहे हे थोरल्याला अंधारातही सांगता येईल. तो धाकट्याला ‘आपलो’ म्हणायला लावतो, आणि धाकटा बरोबर सापडतो. पडद्यावरच्या संवादाचं काम एवढंच असतं: समोरच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं किंवा समोरच्याला काहीतरी काढू द्यायचं नाही. ज्या ओळीत यातलं काहीच घडत नाही ती कितीही अस्सल मालवणीत असली तरी काढा. आजीला वाईट वाटलं तर माझं नाव सांगा.

तुम्ही म्हणाल, हे सुचतं कसं? ओळी सुचवायला बसूच नका. आधी प्रत्येक पात्राला या प्रसंगात, आत्ता, काय हवंय ते एका ओळीत लिहून काढा. आयुष्यात काय हवंय ते राहू दे, पुढच्या तीन मिनिटांत काय हवंय ते लिहा. धाकट्याला दादाचा मूड बघून कागद काढायचा आहे. थोरल्याला कागद खिशातून बाहेरच येऊ द्यायचा नाही, निदान गणपती घरात असेपर्यंत. एवढं पक्कं झालं की दोघं आपोआप नारळांवर बोलायला लागतात.

तुमच्या भागात याचं शिक्षण फुकट मिळतं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी कथानक ठरतं, कोण कोणाला कुठे भेटणार आणि काय होणार ते ठरतं, आणि मग एका बाकड्याच्या आधाराने रात्रभर संवाद जागच्या जागी उभे राहतात. नट अडखळत नाही, कारण आपण दरबारात काय मागायला आलोय आणि समोरचा राजा ते का देणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पुढच्या जत्रेला जाल तेव्हा आख्यान माहीत आहे म्हणून पेंगू नका. एकाच प्रसंगात दोन नट एकमेकांना कसे अडवतात, कोण प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतो, कोण ऐकू न आल्यासारखं करतो, ते बघा. आणि तो विनोदी नट बघा. राजे-महाराजे भारदस्त, पुस्तकी मराठीत बोलत असतात, आणि हा तिरक्या मालवणीत त्यांची हवा काढतो. एकाच रंगमंचावर दोन मराठी समोरासमोर आल्या की कोण वर, कोण खाली ते वेगळं सांगावं लागत नाही.

दशावताराचा हंगाम कार्तिकानंतर. तोवर मालवणला मासळीच्या लिलावाला उभे राहा. ज्या बाईला सुरमई घ्यायची आहे ती सुरमईकडे बघतही नाही. बांगड्याचा भाव विचारते, कोळंबी हाताने चाळवते, मग जाता जाता सुरमईचा कल्ला बोटाने उचलून बघते आणि तोंड वाकडं करते. कल्ला लालभडक असतो, मासा ताजा असतो, हे विकणाऱ्यालाही दिसत असतं. तरी ते वाकडं तोंड भाव खाली आणतं. तिथे उभं राहून शब्द टिपून घेऊ नका. कोणाला काय हवं होतं आणि ते त्याने कशाच्या आड मागितलं, तेवढं घरी येऊन लिहा.

आता ‘सगळे एकसारखे बोलतात’ याबद्दल. पटकथेतली पात्रांची नावं बोटाने झाका आणि संवाद वाचा, कोण बोलतंय ते ओळखता आलं पाहिजे, असा एक जुना उपाय सांगतात. तुमच्या पटकथेत तो लगेच नापास होतो. पण त्यावरचा नेहमीचा इलाज करू नका. म्हणजे एकाला तोतरं करणं, दुसऱ्याला दर वाक्याला ‘काय समजलंव?’ म्हणायला लावणं. अशी तकिया-कलामं दोन प्रसंगांत हशा मिळवतात आणि तिसऱ्यात डोकं उठवतात. मालवणी माणसाचा पडद्यावर विदूषक झालाय तो याच वाटेने.

तुमची पाच माणसं पाच ठिकाणांहून आली आहेत हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, पण त्यांच्या बोलण्यात उतरवलं नाही. वहिनीचं माहेर तुम्ही चिपळूणकडचं दिलंय आणि ती पहिल्या वाक्यापासून कुडाळची होऊन बोलते. कोकण म्हणजे मालवणी, हे पडद्याने ठरवून टाकलंय, तुम्ही का मान्य करता? वर रायगडात आगरी आहे, संगमेश्वराकडे संगमेश्वरी आहे, दालदी आहे, चित्पावनी आहे. वहिनी तीस वर्षं सासरी राहून मालवणी बोलायला लागली असेल, पण संतापली की किंवा माहेरचा फोन आला की तिची पहिली बोली बाहेर येईलच. ती बोली तुम्हाला येत नसेल तर त्या भागातल्या कोणालातरी गाठा, अंदाजाने लिहू नका. तुमच्या आजीने दुसऱ्याच्या मालवणीला जे केलं असतं तेच चिपळूणची आजी तुमच्या संगमेश्वरीला करील.

धाकट्याचं तर आणखी गमतीचं आहे. तो पंचवीस वर्षं मुंबईत आहे. गावाला उतरल्या उतरल्या एवढी चोख मालवणी तो का बोलतोय? मी लिहिलेल्या प्रसंगातही तो मालवणीच बोलतो, पण तिथे तो ती वापरतोय, दादाला मऊ करायला. हे प्रेक्षकाला कळायचं असेल तर त्याच्या आधी एक फोन ठेवा. जमीन घेणाऱ्याचा फोन, मागच्या दारी, आवाज खाली : ‘हो सर, फॅमिली मॅटर आहे, दोन दिवसांत क्लिअर होईल.’ फोन खिशात, पायरी चढून ओसरीवर, आणि ‘यंदा नारळ कमी दिसतत.’ बस. तीन सेकंदांत माणूस उभा राहतो. थोरल्याचं उलट होतं. तो घरात मोकळा बोलतो, पण मोजणीदार आला की ‘आपण बसावं, चहा घ्यावा’ अशी शाळेत शिकलेली मराठी काढतो आणि त्या मराठीत त्याला नाही म्हणता येत नाही. नकार द्यायला त्याला स्वतःची बोली लागते. यावर एक अख्खा प्रसंग उभा राहील.

मोजणीदाराला तुम्ही कोल्हापूरकडचा केलाय आणि तेवढ्यावर सोडलाय. त्याला साडेपाचची एसटी गाठायची आहे असं ठरवा. मग तो प्रत्येकाचं वाक्य मधेच तोडील, घड्याळ बघील, चहा उभ्याने पिईल, दोघा भावांच्या भांडणात पडणार नाही. दोन मिनिटांचं पात्र आहे, त्याला एवढं पुरे.

थोरल्याला तुम्ही विडी, खोकला आणि खांद्यावर पंचा दिलाय. हे वेषभूषेचं सामान झालं. असा खोकणारा म्हातारा दर दुसऱ्या ग्रामीण लघुपटात पायरीवर बसलेला असतो, आणि त्याचं काय झालं ते घरी जाईपर्यंत कोणाला आठवत नाही. माणूस लक्षात राहतो तो त्याच्यातल्या न जुळणाऱ्या दोन गोष्टींमुळे. थोरला सही देत नाही, ही एक गोष्ट. दुसरी मी सुचवते, पटली तर घ्या. दहा वर्षं त्याने एक वही ठेवली आहे. नारळ किती उतरले, सुपारी किती गेली, काजू कोणत्या भावाने दिले, आंब्याच्या पेट्या किती झाल्या, मजुरी किती गेली, आणि प्रत्येक पानाच्या खाली दोन समान आकडे. एक स्वतःचा, एक धाकट्याचा. धाकट्याचे पैसे पोस्टात आहेत, हात न लावलेले. वाटा देण्यापेक्षा जो माणूस मरायला तयार आहे म्हणतो, त्याने धाकट्याचा पैन् पै बाजूला ठेवलाय. का? ते त्याच्याकडून वदवून घेऊ नका. त्यालाही ते सांगता येणार नाही, आणि त्यामुळेच प्रेक्षक विचार करत राहील. वही धाकट्याच्या हाती लागू दे, पण थोरल्याच्या समोर नको. मग पुढच्या प्रसंगात धाकट्याला ते माहीत आहे आणि थोरल्याला हे माहीत नाही. ‘जेवलंस काय?’ एवढ्या प्रश्नालाही तिथे वजन येतं.

आता मला ज्यावर खरं बोलायचं होतं ते. तुमच्या पटकथेतलं सगळ्यात चांगलं पात्र २४ पानं चहा करतंय.

बहीण. तुमच्याकडे ती चार प्रसंगांत आहे. दोनदा चहा आणते, एकदा रडते, एकदा ‘भांडू नकात रे’ म्हणते. पण कागदाकडे बघा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच कायद्यात आणला, आणि २००५ सालच्या दुरुस्तीनंतर तो देशभर लागू झाला. जमीन घेणाऱ्याला सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. म्हणजे दोघा भावांनी गळ्यात गळा घातला तरी तिच्या सहीवाचून कागद पुढे सरकत नाही. आपल्याकडे बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची असते हे इतकं गृहीत धरलेलं असतं की तिला कोणी विचारत नाही. तुमचे दोघे भाऊ विचारत नाहीत. आणि माफ करा, तुम्हीही विचारलेलं नाही.

तिला भाषण देऊ नका. ‘मीही या घरची मुलगी आहे’ वगैरे ओळ मनात आली असेल तर आत्ताच खोडा. टाळ्या मिळतील, बाई मरेल. तिला एक छोटं काम द्या. सहाव्या पानावर ती माजघरात बसून दुर्वा निवडतेय. बाहेर पाऊस, वीज गेलेली, एका दिव्याचा उजेड. भराभर तीन पानांची दुर्वा वेगळी काढतेय, एकवीसची जुडी बांधतेय. तिथे ती कोणाशी काही बोलली नाही तरी चालेल. मग सतराव्या पानावर :

धाकटो : हयसर सही कर. आणि हयसर.
बहीण : ह्या काय?
धाकटो : काय नाय गे, ताय. आपलो हक्कसोडीचो कागद.
बहीण : दादान केल्यान?
धाकटो : करतलो.
बहीण : (कागद लांब धरते, मग जवळ) माझो चष्मो घराकडे रवलो रे.

ती चष्मा वापरत नाही, हे प्रेक्षकाला सहाव्या पानापासून ठाऊक आहे. धाकट्याला ठाऊक नाही, कारण तिच्याकडे त्याने नीट पाहिलेलंच नाही. तो म्हणेल, ‘मी वाचून दाखवतंय.’ ती म्हणेल, ‘आता नको, आरतीची वेळ झाली.’ आणि कागद त्याच्या हातात परत. नाही हा शब्द न उच्चारता तिने नकार दिला, भावाचा मानही ठेवला, आणि तो कागद कसला आहे हे तिला कळल्याचंही दाखवलं. आपल्या बायकांना हे बोलणं पिढ्यान् पिढ्या येतं. तुमच्या आजीला विचारा, चष्म्यासारख्या आणखी दहा सबबी ती तुम्हाला देईल. आणि त्या तपासायची गरज पडणार नाही.

राहिला प्रश्न माहितीचा. वडील गेले, धाकट्याचं मुंबईत नीट जमलं नाही, घराची वाटणी झालेली नाही, हे प्रेक्षकाला कधीतरी सांगायला हवंच. त्यासाठी तुमच्या घरात तयार जागा आहे आणि तुम्ही ती वगळलीत. गाऱ्हाणं! घरातला कर्ता देवासमोर उभा राहून सगळ्यांची सुखदुःखं नावानिशी मोठ्याने सांगतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला होकार भरायचा असतो. दोन माणसांना एकमेकांना माहीत असलेलं मोठ्याने बोलायला लावणारी याहून खरी जागा मला तरी ठाऊक नाही.

थोरलो : बा देवा गणपती म्हाराजा, आज सगळी लेकरा ह्या घरात एकत्र जमली हत, म्हाराजा...
सगळे : व्हय म्हाराजा!
थोरलो : जो मुंबैक आसा, तेका थंय बरकत दी, कोणाचे पाय धरूची पाळी तेच्यार हाडू नको, म्हाराजा...
सगळे : व्हय म्हाराजा!
थोरलो : आणि ह्या घराचो उंबरो असोच एक रवांदे, म्हाराजा...

इथे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. कॅमेरा धाकट्यावर ठेवा, त्याचे ओठ बंद. थोरल्याने देवाच्या आडून भावाला कोंडीत पकडलं आहे, आणि धाकट्याला तिथे वाद घालता येत नाही, कारण देवाशी कोण भांडणार? बहिणीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. ती मोठ्याने म्हणेल, हळू म्हणेल की थोडं उशिरा म्हणेल, तिन्हींचे अर्थ वेगळे होतात.

काही फुटकळ गोष्टी. नेहमीच्या मांडणीत पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरतात, पण माटवीसारख्या प्रसंगात शब्द कमी आणि काम जास्त असतं, तिथे पान लांबतं. म्हणून मोठ्याने वाचून, हातांनी ती कामं करत, वेळ मोजा. कंसातल्या सूचना, म्हणजे (रागाने), (दुःखी होऊन), (उपरोधाने), तुमच्याकडे जवळजवळ दर ओळीला आहेत. ओळ नीट असेल तर नटाला त्या लागत नाहीत आणि ओळ फसली असेल तर त्या तिला वाचवत नाहीत. चष्म्याच्या ओळीपूर्वीचा कंस मी ठेवला कारण तिथे हाताने करायचं काहीतरी आहे.

आणि पाऊस. चतुर्थीच्या दिवसांत प्रत्यक्ष ठिकाणी चित्रीकरण करणार असाल तर ओसरीवरच्या पत्र्यावर सर आली की संवाद बुडालाच म्हणून समजा. नंतर मुंबईत बसून आवाज भरता येतो, पण मालवणीचा हेल स्टुडिओत हमखास निसटतो, विशेषतः नट तिथला नसेल तर. ज्या ओळींवाचून गोष्ट अडते त्या माजघरात घ्या, कौलं आणि माळा यांच्याखाली. ओसरीवर हातांचं काम ठेवा. स्थानिक नट घेणार असाल, आणि घ्याच, तर त्यांना ओळी पाठ करायला लावण्याआधी प्रसंगात कोणाला काय हवंय ते सांगा आणि एकदा त्यांच्या शब्दांत करू द्या. फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्यातल्या दोन-चार ओळी तुमच्यापेक्षा चांगल्या निघतील, त्या बिनदिक्कत उचला.

महाराष्ट्राच्या इतर भागांतल्या प्रेक्षकाला मालवणी कळेल का, ही काळजी तुम्ही पत्राच्या समासात पेन्सिलीने लिहिली आहे. कळेल. ज्याला ‘कवंडळ’ कळणार नाही त्याला लाल फळ वर जाताना दिसेलच. खाली उपशीर्षकं द्या, पण बोली पातळ करू नका.

पटकथा कोणालाही पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घ्या आणि तिथे तिची नोंद करा. हे घरबसल्या ऑनलाइन होतं. लेखन तुमचं आहेच, पण तारखेसकट पुरावा हाताशी असलेला बरा. नवीन खर्डा झाला की त्याचीही पुन्हा नोंद करा.

शेवटाचं विचारलंत. थोरल्याला मारू नका. तो मेला की भांडण आपोआप मिटतं, धाकटा रडतो, प्रेक्षक रडतो आणि कोणालाच काही ठरवावं लागत नाही. वही तशीच राहते, बहिणीचा कागद तसाच राहतो. जिवंत थोरला धाकट्याला फार जड जाईल, आणि तुमच्या गोष्टीला तेच हवंय. अंत्यविधी, रडारड आणि धाकट्याचं पश्चात्तापाचं स्वगत मिळून तुमची चार पानं जातात. ती काढलीत की बहिणीच्या दोन प्रसंगांना आणि गाऱ्हाण्याला लागते तेवढी जागा बरोबर निघते.